पावले १४ हजार, बीपी १६४

यंदाच्या जयंतीला माझ्या भाच्याने त्याच्या आईला, म्हणजे माझ्या नणंदेला, मनगटी घड्याळ आणले. पांढरी साडी, निळी किनार आणि हातात काळे चकचकीत घड्याळ. मिरवणुकीत बायका तिला थांबवून विचारत होत्या, "ताई, हे काय मोजतं गं?" ती सांगायची, "पावलं मोजतं, झोप मोजतं, छातीचे ठोके मोजतं." भाचा पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. पहिल्या चांगल्या कमाईतून त्याने आईसाठी घेतलेली ती वस्तू होती. त्याच्या मायेबद्दल मला काही म्हणायचे नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिला म्हटले, "ताई, आमचं महिला मंडळ रोज संध्याकाळी आचोळे तलावाकडे अर्धा तास चालायला जातं, तुम्हीही चला." तिने मनगट पुढे केले. "वहिनी, हे बघा. चौदा हजार दोनशे. दहा हजार झाले की हे घड्याळ थरथरतं आणि शाबासकी देतं. मला आणि कशाला चालायला लावता?"

मी गप्प बसले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. नालासोपारा पूर्वेच्या आमच्या वस्तीतून ती पहाटे निघते, चालत स्टेशन गाठते, पूल चढते, लोकलमध्ये उभी राहते आणि बोरिवलीला चार घरची धुणीभांडी करते. परत आल्यावर पाण्याचे हंडे आहेतच. घड्याळाने एकही पाऊल फुकटचे लावलेले नव्हते.

मे महिन्यात तिचे डोके दुखायला लागले. ऊन लागले असेल, पित्त झाले असेल, असे दोन आठवडे चालले. शेवटी आशाताईंच्या आग्रहाने आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. बीपी निघाले १६४/१०२. डॉक्टरांनी बसवून ठेवले, पुन्हा मोजले, दोन दिवसांनी परत बोलावले. तेव्हाही आकडा तेवढाच. त्यांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, "हे आजचं नाही, बरेच महिने असणार."

म्हणजे ज्या दिवसांत घड्याळ तिला रोज शाबासकी देत होते, त्याच दिवसांत तिचे बीपी चढलेले होते. ही घड्याळे आता आपल्या वस्त्यांत सगळीकडे दिसतात. हजार-दीड हजारात मिळतात, हप्त्यावरही मिळतात. ती टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. पण ती काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि कोणाला सांगतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

घड्याळाला काय दिसते?

घड्याळाच्या आत हालचाल ओळखणारा एक लहानसा भाग असतो. हाताला झोका बसला की तो पाऊल धरतो. म्हणून भांडी घासतानाही कधी पावले वाढतात, आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा हंडा धरून चालले तर कमी मोजली जातात. घड्याळाच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो. रक्त हा हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त कमीजास्त होते, त्याप्रमाणे परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. त्यावरून घड्याळ नाडी मोजते. पट्टा सैल असेल, हात ओला असेल किंवा मनगटावर गोंदण असेल तर हा हिशेब चुकू शकतो.

प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांबाबत आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या माणसांनी लक्षात ठेवावी. कोविडच्या काळात बोटाला लावून ऑक्सिजन पाहण्याचे यंत्र घरोघरी पोहोचले. अमेरिकेत मिशिगन येथील डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिले की, रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी झालेला असूनही यंत्राने ठीक दाखवल्याचे प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत सुमारे तिप्पट होते. ही तर रुग्णालयातली यंत्रे होती. फुटपाथवर मिळणाऱ्या घड्याळातला ऑक्सिजनचा आकडा पाहून दम लागलेल्या माणसाला घरी ठेवणे किती धोक्याचे आहे, ते यावरून ओळखा.

सर्वांत मोठी फसवणूक शुगरच्या नावाने होते. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो, असे म्हणणारी घड्याळे आणि अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केले की, असे एकही घड्याळ वा अंगठी तिने मंजूर केलेली नाही. घड्याळातल्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी इन्सुलिन कमीजास्त केले तर जीवावर बेतेल. बीपीचेही तसेच आहे. दंडाला पट्टा बांधून मोजलेले बीपी हेच निदानासाठी धरायचे. स्वस्त घड्याळात १२०/८० दिसले म्हणून गोळी बंद करू नका आणि १५० दिसले म्हणून घाबरून स्वतःच गोळी सुरू करू नका.

दहा हजार कुठून आले?

दहा हजार पावलांचा आकडा कोणत्याही डॉक्टरने शोधलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झाले. त्यानंतर १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून तो जगभर पसरला.

२०१९ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. हा फायदा ७,५०० पर्यंत वाढत गेला, पुढे फारसा वाढला नाही. म्हणून घरात बसून असलेल्या आजी-आजोबांनी दहा हजाराच्या आकड्याला भिऊन चालणेच सोडू नये. आज दोन हजार पावले होत असतील तर पुढच्या महिन्यात तीन हजार करावीत, एवढेही पुष्कळ आहे.

मग १४ हजार पावले चालणाऱ्या माझ्या नणंदेचे काय? याबाबत डेन्मार्कच्या संशोधकांचे काम महत्त्वाचे वाटते. कोपनहेगन परिसरातील एक लाखाहून अधिक लोकांची त्यांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात चालणे, खेळणे, सायकल चालवणे ज्यांचे जास्त, त्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी होता. पण कामावर ज्यांना अंगमेहनत जास्त, त्यांच्यात हा धोका वाढलेला दिसला. संशोधकांनी सुचवलेली कारणे आपल्याला नवी नाहीत. कामावरची मेहनत तासन्‌तास चालते, मध्ये विसावा मिळत नाही, ओझे उचलताना बीपी चढते आणि दुसऱ्या दिवशी शरीर सावरण्याआधीच पुन्हा कामाला जुंपले जाते. फावल्या वेळचे चालणे आपल्या मर्जीने असते. दमले की माणूस बसू शकतो.

घड्याळाला हा फरक कळत नाही. बागेत फिरणाऱ्या मालकिणीचे पाऊल आणि तिच्याच घरची फरशी पुसणाऱ्या बाईचे पाऊल त्याच्या लेखी सारखेच.

आपल्या वस्तीत त्याचा उपयोग कोणाला?

उपयोग नाही असे नाही. वसई-विरारमध्ये बसून काम करणारेही पुष्कळ आहेत. वालीवच्या गाळ्यात दिवसभर मशीनवर बसणारे शिलाई कामगार, रिक्षाचालक, दुकानातली आणि कार्यालयातली मुले, मोबाइलमध्ये बुडालेले विद्यार्थी, निवृत्त मंडळी. यांच्या दिवसात एखादे वेळी दोन हजारही पावले होत नाहीत. त्यांना घड्याळ आरसा दाखवते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास जरा भराभर चालणे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने. घड्याळ असेल तर एका दिवसाचा आकडा पाहू नका, आठवड्याची सरासरी पाहा.

दुसरा उपयोग नाडीचा. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. कष्ट न करताही ती सतत शंभराच्या वर राहत असेल किंवा घड्याळ वारंवार अनियमित ठोक्यांची सूचना देत असेल तर दवाखान्यात जाऊन ईसीजी काढावा. घड्याळाने सूचना दिली म्हणजे आजार आहेच असे नाही. आणि सूचना आली नाही म्हणून छातीतली कळ अंगावर काढू नये. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, घाम, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, यांपैकी काही झाले तर घड्याळाकडे पाहत बसू नका, १०८ ला फोन करा.

तिसरा उपयोग झोपेचा, आणि माझ्या मते कष्टकरी घरात तोच सर्वांत मोठा. झोप गाढ किती, हलकी किती हा हिशेब स्वस्त घड्याळाला नीट जमत नाही. पण माणूस किती वाजता आडवा झाला आणि किती वाजता उठला, एवढे तो बऱ्यापैकी सांगतो. बीपी निघाल्यावर आम्ही ताईंच्या घड्याळात मागचा महिना पाहिला. रोजची झोप पावणेपाच तास, कधी पाच. रात्री अकराला भांडी आवरून आडवी, पहाटे पावणेचारला उठून डबे. पावलांचा आकडा तिने सगळ्या वस्तीला दाखवला होता. झोपेचा आकडा घरातल्या कोणीही उघडून पाहिला नव्हता, घड्याळ आणणाऱ्या मुलानेही नाही.

अपुरी झोप बीपी आणि शुगर दोन्ही वाढवायला मदत करते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचे तास कमी करण्याच्या प्रयत्नांना त्या काळात जोर आला आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास ठरले. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. मग आपल्याच घरातल्या बाईचे कामाचे तास कोण मोजणार? बाहेरचे आठ आणि घरातले सहा, असे चौदा तास राबणाऱ्या बाईला घड्याळ बांधून 'तब्येत सांभाळ' म्हणणे पुरेसे नाही. हंडा मुलाने उचलावा, रात्रीची भांडी नवऱ्याने घासावीत, डब्याची भाजी मुलीइतकीच मुलानेही चिरावी. या उपायाला पैसे लागत नाहीत, आणि घड्याळ तो करून देत नाही.

आकडा कोणाच्या हातात?

याच घड्याळाची दुसरी बाजू नागपूरने पाहिली आहे. तिथल्या महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. २०२० च्या सुमारास चंडीगड आणि पंचकुला येथेही तेच झाले. ही घड्याळे आरोग्यासाठी नव्हती. कामगार कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, हे वरच्यांना दिसावे म्हणून होती. कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला. घड्याळ चुकले तर पगार कापला जातो, घड्याळ बंद पडले तर भुर्दंड आम्हालाच, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. घड्याळात कॅमेरा असेल या भीतीने स्त्रियांना ते घालून शौचालयात जाणेही नकोसे वाटत होते. सफाईच्या कामात कोणत्या समाजाची माणसे आहेत, हे आपल्याला सांगायला नको. साहेबांच्या मनगटावर असे घड्याळ कोणी बांधले नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मुखपट्टी वेळेवर मिळत नाही, पण तो किती मिनिटे बसला हे मोजायला यंत्र मिळते.

तेव्हा घड्याळ हातात घेताना तीन प्रश्न विचारा. हे मी माझ्या मर्जीने घातले आहे का? यातला आकडा कोण पाहतो? हा आकडा माझ्याविरुद्ध वापरता येईल का? उद्या गाळ्याचा मालक किंवा ठेकेदार 'आरोग्यासाठी' म्हणून फुकट घड्याळ वाटू लागला तर हेच प्रश्न त्याला चारचौघांत विचारा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. संमतीची मागणी साध्या भाषेत असावी आणि दिलेली संमती परत घेता यावी, असे त्यात म्हटले आहे. मोबाइलवर अ‍ॅप टाकताना सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणत जाऊ नका. पावले मोजायला तुमचे फोटो किंवा फोनमधले नंबर लागत नाहीत.

दहा घड्याळांऐवजी एक मशीन

आता माझे मत स्पष्ट सांगते. वस्तीतल्या दहा घरांनी दहा घड्याळे घेण्याआधी विहारात बीपीचे एक चांगले मशीन यावे. दंडाला पट्टा बांधायचे डिजिटल मशीन दीड-दोन हजारांच्या आसपास मिळते, म्हणजे जवळपास एका घड्याळाच्या किमतीत. जयंतीच्या वर्गणीतून किंवा महिला मंडळाच्या भिशीतून एवढे सहज निघेल.

दर रविवारी सकाळी वंदनेनंतर तासभर मशीन मांडावे. मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. बोलायचे नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजावे. १४०/९० किंवा त्याहून जास्त आले तर घाबरू नये, पण आठवडाभरात आरोग्य केंद्रात किंवा 'आपला दवाखाना'त दाखवावे. १८०/१२० च्या पुढे गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा बोबडी वळणे असेल तर थेट रुग्णालय.

प्रत्येकाचा आकडा त्याच्याच छोट्या वहीत लिहावा आणि वही त्याच्याच घरी ठेवावी. विहाराच्या फळ्यावर कोणाचे बीपी लिहू नये. आपला आजार आपण कोणाला सांगायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

काही जण म्हणतील, मशीन कशाला, सरकारी केंद्र आहेच की. आहे, आणि तिशीवरील सर्वांची बीपी-शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, गोळ्याही तिथे मोफत मिळतात. पण केंद्राच्या वेळेत आपली माणसे लोकलमध्ये किंवा गाळ्यात असतात. एक रोज बुडवून डोके दुखत नसताना कोण जाईल? बीपी तर डोके न दुखताच वाढते. म्हणून पहिली मोजणी आपल्या दारात आणि उपचार केंद्रात, अशी सांगड घालायला हवी. तरुण मुले म्हणतील, आम्हाला घड्याळच आवडते. जरूर घाला. पण रविवारी तेच मनगट आईचा हात धरून विहारात घेऊन या.

त्याबरोबर जेवणातले मीठही मोजा. आपल्या भागात पावसाळ्यात सुकट, बोंबील, खारे घरोघरी असते. वर पापड, लोणचे आणि स्टेशनवरचा वडापाव. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुके मासे पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. हे कोणतेही घड्याळ सांगणार नाही.

ताईंचे बीपी आता आटोक्यात आहे. गोळी रोज रात्री जेवणानंतर, बरे वाटले तरी बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पाण्याचे हंडे भाचा भरतो. रात्रीची भांडी माझे नंदोई घासतात. पहिले काही दिवस ते दार लावून घासत होते, आता उघड्या दाराने घासतात. संध्याकाळी ताई आमच्याबरोबर तलावाकडे येतात, पण चालण्यापेक्षा बाकावर बसून गप्पा जास्त होतात. तेही चालते.

घड्याळ अजून त्यांच्या हातात आहे. परवा मी विचारले, "ताई, आज किती पावलं?" त्या म्हणाल्या, "ते नाही बघत आता. काल सहा तास वीस मिनिटं झोपले, ते बघितलं."